कर्ता, कर्म आणि कलबश

उस्ताझ वगीह यांची गाडी त्यांच्यापेक्षा जास्त फिरत असे, आणि तीही त्यांना न विचारता.

यात गाडीचा काही दोष नव्हता. मिसरच्या शुब्रा वस्तीतल्या त्यांच्या गल्लीचा तो रिवाजच होता. गल्ली जेमतेम दोन गाड्या जातील एवढी, आणि गाड्या मात्र चार गल्ल्यांना पुरून उरतील इतक्या. तेव्हा शहाण्या माणसाने काय करायचं, तर जागा दिसेल तिथे गाडी लावायची, गिअर मोकळा ठेवायचा, हातब्रेक खाली सोडायचा आणि देवाचं नाव घेऊन घरी जायचं. ज्याला आपली गाडी बाहेर काढायची असेल तो तुमची ढकलेल, तुमची पुढच्याची ढकलेल, आणि संध्याकाळी गाडी जिथे कुठे असेल तिथे सुखरूप असेल. हातब्रेक ओढून जाणाऱ्याला गल्लीत कुणी माणसात धरत नसे. या ढकलाढकलीचा सूत्रधार होता महरूस. त्याला सगळे सायस म्हणत. आपला घोड्याचा सईस तो हाच. घोडे गेले, पण ढकलणं आणि बक्षिसासाठी हात पुढे करणं तेवढं राहिलं.

वगीह हे अरबी व्याकरणाचे शाळा-तपासनीस, म्हणून उस्ताझ, म्हणजे गुरुजी. जगात जे काही बिघडलं आहे ते लोकांनी कर्ता आणि कर्म यांच्यात गल्लत केल्यामुळे बिघडलं, अशी त्यांची ठाम समजूत. ते घराबाहेर ग्रंथातली शुद्ध भाषा बोलत. भाजीवाल्याकडे ‘वृंताक’ मागत, आणि भाजीवाला हे कुठलं तरी परदेशी फळ असावं असं समजून वांग्याचा भाव दुप्पट सांगत असे. अशा माणसाने एका सोमवारी सकाळी खाली उतरून पाहिलं तर दारासमोर गाडी नाही. शोधत शोधत ते कोपऱ्यावरून वळले. तिथे अम्म रिदाच्या, म्हणजे रिदाकाकाच्या, बाकल्याच्या उसळीच्या हातगाडीला खेटून त्यांची पिस्ता रंगाची गाडी उभी होती, आणि तिच्या बॉनेटवर ताटल्या मांडून दोन अनोळखी गृहस्थ उसळ-भाकरी खात होते.

“या उस्ताझ, बसा!” त्यांतला एक कांदा फोडत म्हणाला. “लाजू नका. आपलीच गाडी समजा.”

एरवी वगीह यांनी हा अपमान गिळला असता. पण गुरुवार तोंडावर आला होता. गुरुवारी त्यांच्या निहालची फातिहा वाचायची होती. मुलाकडच्यांनी आणि मुलीकडच्यांनी एकत्र बसून फातिहा वाचली की सोयरीक पक्की. आपल्याकडे सुपारी फुटते, तसं. मुलगा हाझिम, औषधांच्या दुकानात निहालच्याच शेजारच्या काउंटरला उभा राहणारा, कमी बोलणारा आणि तिच्याकडे जास्त बघणारा. त्याच्याबद्दल काही प्रश्न नव्हता. प्रश्न होता त्याच्या वडिलांचा. हाज शिरबीनी हे टाइल्स आणि बेसिनांचे बडे व्यापारी, नव्या वस्तीत गॅरेजवाल्या बंगल्यात राहणारे. पहिल्या भेटीत त्यांनी चहाचा घोट घेत विचारलं होतं, “गाडी आहे म्हणे तुमच्याकडे?”

“आहे ना,” वगीह म्हणाले होते.

“येताना दिसली नाही.”

कशी दिसणार? त्या दिवशीही ती अम्म रिदाकडे जेवायला गेली होती. हाज नुसते हसले होते. ते हसू वगीह विसरले नव्हते.

आणि काळजी निव्वळ हसण्याचीही नव्हती. दोन वर्षांपूर्वी निहालचं एक स्थळ असंच अगदी दारापर्यंत येऊन परत गेलं होतं. त्या लोकांनी घर पाहिलं, जिना पाहिला, सरबत प्यायले आणि जाताना म्हणाले, “दोन दिवसांत कळवतो.” ते दोन दिवस अजून संपले नव्हते. निहाल तेव्हा “बरं झालं, कटकट गेली” म्हणाली आणि मग आठवडाभर जेवायला बसली की ताटात नुसती बोटं फिरवत राहिली. वगीह यांनी ते पाहिलं होतं. बोलले काहीच नव्हते, कारण अशा प्रसंगी काय बोलायचं ते व्याकरणात दिलेलं नसतं. पण या वेळी काही कमी पडू द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. गुरुवारी गाडी धुतलेली, पुसलेली, दारासमोर हवी म्हणजे हवी.

आता अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण वगीह यांनी जिन्यात बाशमुहंदिस मुअतसिम यांना हे दुःख सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुअतसिम दुसऱ्या मजल्यावर राहत. ते शेतकी विषयातले इंजिनिअर, म्हणून बाशमुहंदिस, पण सल्ल्याच्या बाबतीत त्यांनी कधी शेताचा बांध मानला नाही. लिफ्ट, टीव्ही, मूतखडा, सुनेचा स्वभाव, सगळ्यावर त्यांच्याकडे तोडगा तयार असे.

“अहो, सोपं आहे!” ते म्हणाले. “सब्तियाच्या बाजारात जा आणि एक कलबश आणा. चाकाला लावली की महरूसचा बाप आला तरी गाडी हलायची नाही.”

कलबश म्हणजे बेडी. चोराच्या हातात पडते तीही कलबश आणि पोलीस गाडीच्या चाकाला लावतात, आपण ज्याला जॅमर म्हणतो, तीही कलबशच. वगीह यांना सल्ला आवडला, शब्द आवडला नाही. “तो तुर्की अपभ्रंश आहे,” ते म्हणाले. “एकाच शब्दाने मनुष्य आणि वाहन दोघांनाही बांधायचं, ही भाषेची दिवाळखोरी आहे. चक्रबंध म्हणा.”

“काय वाटेल ते म्हणा, पण पिवळी घ्या,” मुअतसिम म्हणाले. “पिवळी सरकारी वाटते. लोक टरकतात.”

सब्तियाच्या दुकानदाराने लोखंडाचं ते पिवळं धूड काउंटरवर आदळलं तेव्हा काचेचं कपाट थरथरलं. “खास माल आहे, उस्ताझ,” तो म्हणाला. “एकदा लावा. अख्ख्या मिसरमध्ये कुणाला उघडता येणार नाही!” या वाक्यातल्या ‘कुणाला’ या सर्वनामाची व्याप्ती वगीह यांनी जागच्या जागी तपासायला हवी होती. दुसऱ्याच्या निबंधात त्यांनी ती नक्की तपासली असती.

मंगळवारी त्यांनी गाडी दारासमोर मोक्याच्या जागी लावली, पुढच्या चाकाला चक्रबंध बसवला, किल्ली फिरवली आणि महरूसला बोलावून घोषणा केली, “हे महरूस, अद्यप्रभृति हे वाहन अचल आहे.”

महरूसला वाटलं, उस्ताझ गाडीसाठी दुवा मागतायत. “आमीन,” तो म्हणाला आणि हात पुढे केला.

बुधवारी सकाळी गल्ली तुंबली. नेहमीप्रमाणे शेवटच्या गाडीला बाहेर पडायचं होतं, तिने पुढची ढकलली, पुढचीने तिच्या पुढची, आणि हा सगळा धक्का प्रवास करत करत पिस्ता रंगाच्या गाडीला येऊन थडकला आणि तिथेच बसला. मागे गाड्या, पुढे गाड्या, दुसऱ्या रांगेत गाड्या, मध्ये एक अचल वाहन. हॉर्नांचा एकच गिल्ला झाला. खोळंबलेल्यांत सर्वांत मोठा आवाज बाशमुहंदिस मुअतसिम यांचा होता, कारण त्यांची गाडी बरोबर मागे अडकली होती.

“हे असलं काहीतरी लावायची अक्कल तुम्हाला दिली कुणी?” ते ओरडले.

“आपणच,” वगीह म्हणाले.

“मी लावा म्हटलं, गुंतवा म्हटलं होतं का? काढा आधी ते!”

पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत मादाम ताहानी उभ्या होत्या. त्या दोरीला बांधलेली टोपली खाली सोडून भाजी वर घेत, आणि भाजीबरोबर बातम्याही. हाझिमचं स्थळ त्यांच्याच मावसबहिणीने आणलं होतं, त्यामुळे वगीह यांच्या घरात त्या स्वतःचा वाटा धरत. “उस्ताझ, काढा हो ते लोढणं!” त्या वरून म्हणाल्या. “माझी कोथिंबीर तिकडे कोपऱ्यावर अडकलीय!”

वगीह यांनी मोठ्या रुबाबात खिशातून किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवली. किल्ली फिरली. कुलूप फिरलं नाही. मग किल्लीचा अर्धा भाग त्यांच्या हातात आला आणि उरलेला कुलपात कायमच्या वस्तीला राहिला.

पुढचा सगळा दिवस त्यांनी आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून परत आगीत अशा खेपा घालण्यात घालवला. सब्तियाचा दुकानदार म्हणाला, “मी काय सांगितलं होतं? कुणालाच उघडता येणार नाही. माल चोख आहे!” आणि त्यांच्याकडून कौतुकाची वाट बघत उभा राहिला. मग त्यांनी लोहाराला गाठलं. तो करवत घेऊन आला, पण पिवळा रंग बघताच त्याने करवत पाठीमागे लपवली. “सरकारी कलबश कापू? मला पोरंबाळं आहेत, उस्ताझ.” ही खासगी आहे असं वगीह यांनी नाना परींनी सांगितलं. लोहार म्हणाला, “सगळे असंच सांगतात.”

“मग सरकारकडेच जा,” मुअतसिम म्हणाले. “त्यांच्याकडे सगळ्या कलबशींच्या किल्ल्या असतात.” गाडी अडकल्यामुळे ते दिवसभर घरीच होते आणि त्यांचे सल्ले आता जिन्यातल्या जिन्यात दर तासाला उपलब्ध होते.

वाहतूक कचेरीतला अधिकारी वयाने वगीह यांच्या विद्यार्थ्याएवढा होता. सगळे त्याला बाशा, म्हणजे सरदारसाहेब, म्हणत होते, आणि तोही ते ऐकून घेत होता.

“कलबश काढायचीय? दंडाची पावती दाखवा.”

“दंड झालेला नाही.”

“मग कलबश लागलीच नाही.”

“लागली आहे, बाशा. प्रत्यक्ष लागली आहे.”

“कुणी लावली?”

वगीह यांनी खाली मान घातली. “मी.”

बाशाने पेन खाली ठेवलं. “तुम्ही कोण लावणारे? कलबश लावणं हे सरकारचं काम आहे. उद्या उठून तुम्ही चौकात उभे राहून शिट्टी फुंकाल!”

“माझंच वाहन आहे. मीच कर्ता, माझंच कर्म—”

“कर्म तर तुमचं आहेच,” बाशा म्हणाला. पण मग त्याला म्हाताऱ्याची दया आली असावी. त्याने खुर्ची पुढे ओढली. “हे बघा उस्ताझ. आमची माणसं कलबश काढायला येतात ती फक्त दंड झालेल्या गाडीकडे. तेव्हा तुम्ही काहीतरी गुन्हा करा. चुकीच्या जागी गाडी लावा. आम्ही दंड करू, तुम्ही भरा, माणसं येतील, ती आपली काढतील, जाता जाता तुमचीही बघतील.”

“पण चुकीच्या जागी लावायला गाडी हलली पाहिजे.”

“बरोबर.”

“आणि गाडी हलायला दंड झाला पाहिजे.”

“आता कसं समजलात!” बाशा म्हणाला.

तीस वर्षं मुलांना वाक्यपृथक्करण शिकवलेल्या माणसाला या वाक्याचं शेपूट सापडेना. शेवटी, आयुष्यात कधी शाईचा डाग न पडू दिलेले उस्ताझ वगीह हात जोडून विनवू लागले की, बाशा, माझ्यावर कुठलाही एक गुन्हा दाखल करा, लहानसा चालेल. बाशाने भिंतीवरचा नकाशा बघितला, बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्या गल्लीत वगीह यांच्या दारासमोरच गाड्या लावायला मनाईची पाटी होती म्हणे. जुनी. कुणाला आठवतसुद्धा नव्हती.

पाटी खरोखरच होती. मादाम ताहानींच्या वाळत घातलेल्या चादरींमागे ती कित्येक वर्षं सुखाने राहत होती.

“देव तुमचं भलं करो, बाशा!” वगीह म्हणाले. आपण गुन्हेगार ठरलो याचा एवढा आनंद त्या कचेरीत आजवर कुणी केला नसेल.

गुरुवारी दुपारी सरकारी ट्रक आला. दोन माणसं उतरली, त्यांनी मागच्या चाकाला दुसरी कलबश लावली, वगीह यांनी हसतमुखाने दंड भरला, माणसांनी ती कलबश काढली आणि ती ट्रकमध्ये चढू लागली.

“अहो, आणि ही पुढची?”

“ती आमची नाही,” त्यांतला एक म्हणाला. “आमची किल्ली आमच्या कलबशीला. दुसऱ्याच्या मालाला आम्ही हात लावत नाही. हराम आहे.” मग त्याने ट्रकच्या खिडकीतून गल्लीवर एक नजर टाकली. मनाईच्या पाटीखाली दोन रांगा गाड्या, टोकापासून टोकापर्यंत. एखाद्याला परसात खजिना सापडावा तसा तो बघत राहिला. “बाशांनी झकास जागा दाखवली,” तो ड्रायव्हरला म्हणाला. “आता रोज संध्याकाळी एक फेरी इकडे.”

हे सगळं मादाम ताहानींनी बाल्कनीतून पाहिलं आणि लगेच मावसबहिणीला फोन लावला. त्यांच्याबद्दल एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या खोटं बोलल्या नाहीत. “अगं, उस्ताझ वगीहला कलबश लागली! सरकारी ट्रक आला होता दारात. सगळ्या गल्लीने बघितलं. पैसे भरले तेव्हा कुठे सोडलं बाई.” प्रत्येक शब्द खरा होता. वाक्यातून फक्त गाडी तेवढी गळली होती.

वर घरात इन्शिराहबाईंनी सरबताचे पेले पुसून ठेवले होते. “अहो निहालचे बाबा,” त्या म्हणाल्या, “आता तरी त्या गाडीचा नाद सोडा आणि अंघोळ करा. लग्न मुलीचं आहे, गाडीचं नाही.” निहाल आरशासमोर होती. तिने निळा पोशाख घातला होता आणि ती सारखी खिडकीशी जाऊन येत होती. वगीह यांनी तिच्याकडे पाहिलं. “सुंदर दिसतेस,” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण शुद्ध भाषेत ते फारच जड वाटलं, म्हणून त्यांनी टाय सरळ केला.

हाज शिरबीनी आले ते दोन्ही हात पसरून. मागच्या वेळी बोटांची टोकं पुढे करणाऱ्या या गृहस्थाने वगीह यांना छातीशी कवटाळलं, पाठ थोपटली आणि कानात म्हणाले, “सुटलात! अल्लाची कृपा!”

“तसा अजून पूर्ण सुटलो नाही,” वगीह म्हणाले. त्यांना वाटलं, बातमी यांच्यापर्यंत पोहोचलेली दिसते.

“सुटाल हो! पहिल्याच दिवशी एवढं काम झालं, हे काय थोडं आहे?” हाज सोफ्यावर ऐसपैस बसले. “आणि ते दिवाणखान्याचं फर्निचर, स्वयंपाकघर, मागच्या वेळी मी उगाच बोललो. आपल्यात काय ते तुमचं-आमचं? काही नको. मुलगी आपली नेसत्या कपड्यांनी द्या.”

इन्शिराहबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मागच्या वेळी याच माणसाने बेसिनच्या नळापर्यंत घासाघीस केली होती. हाझिम कोपऱ्यात बसून गालिच्याची नक्षी मोजत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

हाजनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. “आता आपण व्याही. मला सांगायला हरकत नाही. किती?”

“काय किती?”

“खाल्ले किती? अहो, लाजता काय! मी घरात सांगत होतो, साधा शाळा-तपासनीस, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पण बेडी पडली म्हटल्यावर मी ओळखलं! साध्या माणसाला कोण बेडी घालतं? बेडी पडायलासुद्धा लायकी लागते. आणि दुपारी पडली, संध्याकाळी माणूस टाय लावून घरी! केवढा वशिला!”

वगीह यांच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पलीकडून इन्शिराहबाई डोळ्यांनी सांगत होत्या, गप्प बसा. त्यांचंही चूक नव्हतं. फातिहा होऊ दे, मग काय तो खुलासा करा. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आता चोर समजून का होईना, मान मिळतोय. शिवाय फर्निचर वाचत होतं.

दारात निहाल सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बापाकडे बघत होती. रागाने नाही, फक्त हा आता काय म्हणतो ते बघत होती. वगीह यांना त्या क्षणी तिच्या ताटात फिरणारी बोटं आठवली, आणि त्यांना फार भीती वाटली. पण तिच्या समोर चोर होऊन बसणं त्यांना जमेना.

ते उभे राहिले. “हाज, मी आजवर शाळेतला खडूचा तुकडासुद्धा घरी आणलेला नाही.”

“असं सगळ्यांसमोर म्हणायचंच असतं,” हाज डोळा मिचकावत म्हणाले.

“तुम्ही ऐकलं ते वाक्यच चुकलेलं आहे! कलबश लागली खरी, पण ज्याला लागली ते कर्म मी नव्हे. कर्म गाडी! आणि कर्ता मी. मीच लावली. सरकारने लावली ती दुसरी, तीही गाडीलाच!”

“तुम्ही तुमच्याच गाडीला बेडी घातलीत?”

“घातली.”

“का?”

“ती पळून जाऊ नये म्हणून.”

हाजनी सुस्कारा टाकला. “उस्ताझ, यापेक्षा बरी गोष्ट रचता आली असती.”

“प्रत्यक्ष दाखवतो,” वगीह म्हणाले. त्यांनी हाजना दंडाला धरून बाल्कनीत नेलं आणि खाली बोट दाखवलं. “ते बघा!”

खाली दारासमोर हाजची काळी लांबलचक गाडी दुसऱ्या रांगेत उभी होती. तिच्या आत, जिथे पिस्ता रंगाची गाडी असायला हवी होती, तिथे स्वच्छ मोकळी जागा होती. वर सरबत चाललं असताना महरूस, मुअतसिम आणि गल्लीतली दहा-बारा माणसं यांनी “हेला हुप, हेला हुप” करत अचल वाहन चक्क उचलून नेलं होतं. मुअतसिमांची गाडी तेवढ्यात निघूनही गेली होती.

“ही?” हाजनी विचारलं.

“इथे होती.”

“असेल, असेल,” हाज म्हणाले. “पहिल्या भेटीतही असंच म्हणाला होतात.”

वगीह तडक जिना उतरले. मागून हाज, हाझिम, इन्शिराहबाई आणि हातात अजून ट्रे घेतलेली निहाल. वरात कोपऱ्यावरून वळली. अम्म रिदाच्या हातगाडीला खेटून पिस्ता रंगाची गाडी उभी होती. पुढच्या चाकाला पिवळीधमक कलबश, आणि बॉनेटवर ताटल्या.

“या उस्ताझ! पाहुणे आणलेत?” जेवणाऱ्यांतला एक सरकून जागा करत म्हणाला. “या हाज, आपलीच गाडी समजा.”

हाज शिरबीनींनी वाकून कलबश बघितली, मोडक्या किल्लीचं टोक बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. “म्हणजे,” ते म्हणाले, “खाल्लं खरंच काही नाही?”

“नाही.”

“वशिलाही नाही?”

“असता तर ही अशी असती?”

हाजनी रुमालाने हात पुसले. हाझिम पुढे झाला. “बाबा, मला तर तीच—”

“थांब जरा,” हाज म्हणाले, आणि मग वगीह यांच्याकडे न बघता, “ठीक आहे. आम्ही विचार करतो. दोन दिवसांत कळवतो.”

निहालने मान खाली घातली. वगीह यांना आपल्या पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात एवढं छोटं आणि व्याकरणदृष्ट्या एवढं निर्दोष वाक्य इतकं कधी लागलं नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी महरूसची शिट्टी झाली. “ट्रक! ट्रक आला!”

आणि मग वगीह यांनी आपल्या गल्लीचं खरं रूप पाहिलं. मोकळे गिअर, खाली सोडलेले हातब्रेक आणि ढकलणारे पन्नास हात. पाटीखालच्या दोन्ही रांगा बघता बघता कोपऱ्यावरून वळल्या, एकामागोमाग एक, आवाजसुद्धा नाही. निळी गेली, लाल गेली, दुधाची व्हॅन गेली. मिनिटाभरात दारासमोरचा रस्ता साबणाने धुतल्यासारखा रिकामा झाला. मध्ये राहिली ती एकच, काळी लांबलचक गाडी. महरूस तिच्या पाठीला खांदा लावून लावून लाल झाला होता.

“हलत नाही!” तो ओरडला. “कुणी हातब्रेक ओढलाय हिचा? कोण आहे हा अडाणी?”

हाज शिरबीनी जगात कुणावर विश्वास ठेवत नसत. त्यांनी हातब्रेक ओढला होता, गिअर घातला होता आणि किल्ली आतल्या खिशात ठेवली होती. ते कोपऱ्यावरून धावत सुटले, मागून सगळी वरातही, पण सरकार त्यांच्या आधी पोहोचलं होतं. खट्ट आवाज झाला.

वरच्या बाल्कनीत मादाम ताहानींनी फोन कानाला लावलेला दिसला. “अगं ऐकलंस का! हाज शिरबीनीला कलबश लागली! हो, हो, आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर! सरकारी माणसं ट्रकने आली होती!”

हाजच्या तोंडचं पाणी पळालं. “मादाम!” ते खालून ओरडले. “मला नाही! गाडीला!” पण ताहानीबाई बोलताना ऐकत नसत. हाज वळले आणि त्यांनी वगीह यांचे दोन्ही हात धरले. “उस्ताझ, अहो, उद्या अख्खा बाजार देणी मागायला दारात उभा राहील. तुमचं ऐकतात त्या. सांगा ना त्यांना ते तुमचं! कर्ता कोण, कर्म कोण!”

वगीह यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ट्रे घेऊन उभ्या असलेल्या निहालकडे पाहिलं. टाय सरळ केला.

“सांगतो,” ते म्हणाले. “दोन दिवसांत.”

“दोन दिवसांत?”

“नाहीतर आधी फातिहा.”

ही वाक्यं साध्या बोलीभाषेत होती. गल्लीतल्या सगळ्यांना पहिल्या झटक्यात समजली. हाझिमने तर वडिलांकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने तळवे वर केले आणि डोळे मिटले. हाजनी एकदा वर बाल्कनीकडे पाहिलं, एकदा काळ्या गाडीकडे पाहिलं आणि तळवे वर केले. ट्रकवरच्या दोन माणसांनी केले, महरूसने केले, अम्म रिदाने पळी खाली ठेवून केले. पिवळ्या कलबशीच्या साक्षीने, रस्त्यात उभ्या उभ्या फातिहा वाचली गेली. इन्शिराहबाईंनी आनंदाने जीभ हलवत लुलुलु असा गगनभेदी झगरूत काढला की पलीकडच्या गल्लीतल्या बायांनी कारण न विचारता साथ दिली. निहाल हसत होती आणि रडत होती आणि सरबत महरूसच्या अंगावर सांडत होतं.

“सुंदर दिसतेस,” वगीह तिला म्हणाले. बोलीभाषेत ते अगदी हलकं निघालं.

मग शब्द दिल्याप्रमाणे ते बाल्कनीखाली जाऊन उभे राहिले, घसा साफ केला आणि सवयीने, नाइलाजाने, शुद्ध भाषेत म्हणाले, “हे मादाम ताहानी! चक्रबंधाने बद्ध झाले ते वाहन होय. न माझा देह, न माझ्या या व्याह्यांचा!”

ताहानीबाईंनी लक्षपूर्वक ऐकलं, मान डोलावली आणि फोन परत कानाला लावला.

“अगं हो, उस्ताझ स्वतः सांगतायत. दोघांनाही लागली म्हणे. दोघेही व्याही, एकाच दिवशी!”